डावीकडचा ठोकळा

चहाचा कप हातात आला की आमचे घरमालक तो आधी खिडकीकडे धरून पाहायचे, मग त्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख सावकाश एक पूर्ण चक्कर फिरवायचे आणि मगच पहिला घोट घ्यायचे. तोवर चहा कोमट झालेला असायचा. कपच कशाला, कुठलीही गोल कड दिसली की त्यांचं नख तिकडे गेलंच म्हणून समजा. स्टीलचा पेला, पेनाचं टोपण, माझ्या स्कूटरच्या टाकीचं झाकण, काही वर्ज्य नव्हतं. त्यांच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी, मला एकदा सांगितलं की लग्नात मंगळसूत्र घालायच्या आधी त्यांनी दोन्ही वाट्यांच्या कडा तशाच तपासल्या होत्या. सोन्यावर संशय घेतला म्हणून अक्कांच्या माहेरची मंडळी रुसली, पंगतीला बसेनात. बोचणार तर नाही ना, एवढंच ते बघत होते, हे कळायला खुद्द अक्कांना दहा वर्षं लागली.

गल्लीत सगळे त्यांना आबा म्हणत. दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले होते आणि जळगावच्या पिंप्राळ्यात दोन मजली घर बांधून राहिले होते. वरची खोली मला दिली होती. मी मूळची शिंदखेड्याची, जळगावात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला, आणि आधीच सांगते, स्वभावानं पक्की भित्री. कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत मी स्वयंपाकघराच्या बाहेर थांबते. दिवाळीत कानात बोटं घालून बसणाऱ्यांत सगळ्यात वयानं मोठी मीच असते.

तर खोली पाहायला गेले तेव्हा पुढच्या खोलीतलं आबांचं टेबल मला दिसलं. हिरवं कापड अंथरलेलं, त्यावर भोकं पाडलेले दोन लाकडी ठोकळे, आणि भोकांत ओळीनं उभी केलेली पितळेची चकचकीत नसलेली, मातकट पिवळी नळकांडी. खाली जाड, वर मानेशी निमुळती. टीव्हीवरच्या बातम्यांत पोलीस जमिनीवरून उचलतात त्या बंदुकीच्या गोळ्यांच्या पुंगळ्या मी पाहिल्या होत्या. खोली आवडली नाही असं सांगून निघायचं ठरवलं. पण एकट्या बाईला फार प्रश्न न विचारता देणारी, लॅबपासून जवळची तेवढी एकच खोली होती. मी राहिले. पहिल्याच दिवशी खाट ओढत दुसऱ्या कोपऱ्यात नेली, कारण आधी ती त्या टेबलाच्या बरोबर वर येत होती.

पुढे आबांनी एकदा मला भिंतीवरचे कागद वाचायला लावले. परवाना, परवानगी, नूतनीकरण, सगळ्याच्या झेरॉक्स त्यांनी देवांच्या तसबिरींसारख्या चौकटीत बसवून लावल्या होत्या. सगळं मुलीच्या नावावर. तिला आम्ही ताई म्हणायचो. ती धुळ्याला पोलिसात होती आणि मोठ्या रायफलीच्या स्पर्धांमध्ये उतरायची. रायफल तिकडे, बंदुकीची दारू तिकडे, गोळ्या भरायचं कामही ती तिकडेच नेमबाजीच्या रेंजवरच्या खोलीत करायची. घरात येत त्या फक्त कोऱ्या, रिकाम्या पुंगळ्या. त्या भरण्याजोग्या आहेत की नाहीत एवढं आबा बघत. एवढं म्हणजे किती, तर शंभर पुंगळ्यांना दीड-दोन महिने.

मी विचारलं होतं, नव्याच आहेत तर बघायचं काय. आबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहत त्यांच्या अहिराणीत विचारलं.

"नवं शे म्हनीसन नीट शे का?"

मग त्यांनी दाखवलं. प्रवासात पुंगळीचं तोंड चेपलेलं असतं, ते साच्यात घालून गोल करायचं. लांबी मोजायची, केसभर जास्त असेल तर कापायची. कापल्यावर तोंडाला जी बारीक, धारदार कुसळं राहतात ती आतून-बाहेरून काढायची. बुडाचं भोक मधोमध आहे का ते पाहायचं. वाकवलेली तार आत घालून भिंत चाचपायची, कारण एका बाजूनं भिंत पातळ असली तर बाहेरून ती कुणाला दिसत नाही. शेवटी प्रत्येकीचं वजन. बघून झालेली पुंगळी उजवीकडच्या ठोकळ्यात जाई. जिच्याबद्दल मनात जरा काही आलं, तिच्या बुडावर काळ्या मार्करची रेघ पडे आणि ती डावीकडच्या ठोकळ्यात बसे. डावीकडच्या पुंगळ्या ते पुन्हा दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात बघत, मग तिसऱ्या दिवशी. सगळा डबा मनासारखा झाला की वर एक चिठ्ठी ठेवत. चिठ्ठीवर एकच शब्द, 'पाहिलं', आणि खाली सही.

घरात एक शब्द बोलायला बंदी होती. तो म्हणजे 'चालेल'. भाजीत मीठ कमी पडलं आणि पाहुणा म्हणाला चालेल, की आबा ताटावरून उठायचे. आहे ते बरोबर आहे की नाही एवढं सांगा, असं त्यांचं म्हणणं. मला हा नियम माहीत नव्हता. खोलीला रंग कुठला देऊ असं त्यांनी विचारलं आणि मी म्हटलं, कुठलाही चालेल. खोलीला तीन वर्षं रंग लागला नाही.

बाजारात भरताची वांगी घ्यायला गेले की एकेक वांगं तळहातावर तोलत, देठाजवळ बोट दाबत, उन्हाकडे धरत. भाजीवाली बाई त्यांना लांबून येताना पाहून टोपलीवर गोणपाट टाकायची आणि संपली म्हणून सांगायची. आणि या एवढ्या पुंगळीबहाद्दर माणसाला दिवाळीत फटाका सहन होत नसे. लक्ष्मीपूजनाला खिडक्या बंद करून ते आतल्या खोलीत बसत. मी खाली येऊन त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसे. आम्ही दोघं एकमेकांसमोर दचकत असू.

माझ्याबद्दल त्यांचं मत बरं झालं ते एका प्रश्नामुळे. त्यांनी विचारलं की रक्ताच्या नळीवरचं नावाचं लेबल निघालं तर मी काय करते. मी म्हटलं, ती नळी फेकते आणि पेशंटला पुन्हा टोचते. शिव्या खाते. त्या संध्याकाळी अक्कांनी शेवभाजीचं पातेलं वर पाठवलं, आणि सोबत माझ्यासाठी वेगळी केलेली भाकरी होती.

आता ज्या दिवसाचं सांगायचं आहे तो खंडेनवमीचा. आमच्याकडे त्या दिवशी अवजारांची पूजा होते. लॅबमध्ये आम्ही मायक्रोस्कोपला हळदकुंकू वाहतो. आबा दोन दिवस एरंडोलला आजारी भावाकडे गेले होते, संध्याकाळी येणार होते. अक्कांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, वाकायचं नाही, डोळ्यात पाण्याचा शिंतोडा जाऊ द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्यांनी मला सकाळी हाक मारली. देवाची भांडी घासायची होती. समया, ताम्हन, घंटा मी चिंचेच्या कोळात घातली. अक्का म्हणाल्या की आबांच्या टेबलावरचंही पितळच आहे, पूजेच्या दिवशी काळपट बरं दिसत नाही.

मी थोडी थबकले. त्या टेबलाला मी कधी बोट लावलं नव्हतं. पण रिकाम्या पुंगळ्यांना काय घाबरायचं, असं मी स्वतःलाच दटावलं. तीन वर्षं घाबरून काढली, पुरे झालं. दोन्ही ठोकळ्यांतल्या पुंगळ्या मी त्याच घमेल्यात ओतल्या, वरून मूठभर मीठ टाकलं आणि लॅबला निघून गेले. दुपारी येऊन एकेक घासली. बुडावरची काळी रेघ जात नव्हती, तिथे जरा जोर लावला. उजवीकडच्या चौऱ्याण्णव आणि डावीकडच्या सहा, मिळून बरोबर शंभर झाल्या. आबांच्या डब्याला शंभरच घरं होती. एकही घर रिकामं राहिलं नाही याचा मला फार आनंद झाला. माझ्या आयुष्यात न घाबरता केलेलं हे पहिलं काम.

पूजा झाली. ताई धुळ्याहून आईला भेटायला आली, जेवली. निघताना अक्कांनी झेंडूचं फूल वाहिलेला तो डबा तिच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या सकाळी रेंजवर सगळे मुहूर्ताच्या गोळ्या झाडतात, ताई त्यासाठी लगेच निघाली.

आबा सहाच्या सुमारास आले. हातपाय धुतले आणि टेबलाशी गेले. मी जिन्यात होते.

"डाव्या बाजूना ठोकळा कोठे शे?"

ठोकळा तिथेच होता, धुऊन पुसून ठेवलेला. त्यांना विचारायचं होतं ते वेगळं. अक्का स्वयंपाकघरातून माझ्याकडे पाहत मान हलवत होत्या, सांगू नको म्हणून. मला तेव्हाही पूर्ण कळलं नव्हतं. पण आबांचा चेहरा मला दिसला. रिपोर्ट हातात घेतलेल्या माणसाचा चेहरा मी रोज पाहते, त्यामुळे ओळखला.

"मीच धोयात, आबा. चिंच लाईसन."

बुडावरच्या रेघा होत्या का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घासून काढल्या. आबा खुर्चीचा हात धरून बसले. आता त्या सहा पुंगळ्या शंभरांत कुठे आहेत हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यातली कुठलीही उद्या ताईच्या गालापासून वीतभर अंतरावर फुटू शकत होती. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. ते माझं मला उमगलं.

ताईचा फोन बंद होता. दसऱ्याच्या बंदोबस्तात असेल, अक्का म्हणाल्या. रेंजवरचा फोन वाजत राहिला. ताईच्या शेजाऱ्यांकडे निरोप ठेवला, पण ते स्वतःच गावी जायच्या गडबडीत होते. सकाळच्या पहिल्या एसटीनं आम्ही दोघं निघालो. मला कुणी चल म्हटलं नव्हतं. मी जाऊन स्टँडवर उभी राहिले आणि आबांनी दोन तिकिटं मागितली.

ड्रायव्हरनं बसला झेंडूचा हार घातला होता. एरंडोलला एक कुटुंब चढलं, त्यांच्या मुलीनं आम्हाला आपट्याची पानं दिली. आबांनी पान घेतलं आणि नकळत त्याच्या कडेवरून नख फिरवलं. पारोळा आल्यावर ते खिडकीबाहेर पाहत सांगू लागले. त्यांचा एक मित्र होता, दोघं तरुणपणी एकाच क्लबात नेम धरायचे. एका सकाळी हातातल्या एका पुंगळीबद्दल आबांच्या मनात काहीतरी आलं. काय ते नीट सांगता येईना. मित्राला घाई होती. त्यानं विचारलं, चालेल का. आबा म्हणाले, चालेल. ती पुंगळी बुडाशी फाटली आणि मित्राचा उजवा डोळा गेला. तो मित्र पुढे वीस वर्षं दर दिवाळीला घरी फराळाला येत राहिला. एकदाही त्यानं बोल लावला नाही. आबा म्हणाले की त्यानं बोल लावला असता तर बरं झालं असतं.

मी रडायला लागले. माझ्या मनात एकच चाललं होतं, की मला तर कुणी चालेल का असं विचारलंही नव्हतं.

धुळ्याला उतरून आम्ही रिक्षा केली. रेंज गावाबाहेर, माळावर. रस्ता खोदलेला होता म्हणून रिक्षावाल्यानं अलीकडेच सोडलं. आम्ही चालू लागलो आणि पहिला आवाज आला. आबा जागच्या जागी थांबले. दुसरा आला. ते ओठांत मोजत होते. गुडघ्यांमुळे त्यांना धावता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मला जा म्हणाले नाहीत. मीच धावले.

मी, जी कुकरला घाबरते, ती गोळीबाराच्या दिशेनं कान न झाकता धावत होते. प्रत्येक आवाजाला मला वाटे की हाच तो. साडीत काटे अडकत होते, एक चप्पल मागे राहिली. फाटकावर एका माणसानं हात आडवा केला. मी नुसती ताई, ताई म्हणत राहिले. त्यानं शिट्टी वाजवली, लाल निशाण वर केलं, आवाज थांबले. पाच-सहा माणसं चटयांवरून उठून बसली. त्यांतली एक ताई होती. तिनं कानावरचं काढलं. दोन्ही डोळ्यांनी तिनं माझ्याकडे पाहिलं. मी ते दोन डोळे मोजले, खरंच मोजले.

डबा तिच्या पिशवीत होता. झेंडूचं फूल तसंच वर चिकटलेलं. आबा पोचेपर्यंत मी तो डबा छातीशी धरून मातीत बसले होते. ते आले, ताईकडे बघितलं, मग डब्याकडे. ताईला काहीच कळत नव्हतं. ती जुन्या पुंगळ्यांनी नेम धरत होती.

"चिठ्ठी नव्हती ना, आबा," ती म्हणाली. "मंग कशी भरसू मी?"

आईनं दिला म्हणून घेतला, तुम्हाला विचारून मगच उघडणार होते, असं ती पुढे म्हणाली. आबा तिथल्या वाळूच्या पोत्यावर बसले. मी त्यांना पहिल्यांदाच अशा रीतीनं बसताना पाहत होते. एखादी जड वस्तू खाली ठेवावी तसं त्यांनी स्वतःला ठेवलं. बराच वेळ ते डब्याच्या झाकणाच्या कडेवरून नख फिरवत राहिले. झाकण चौकोनी होतं.

मग त्यांनी घडलं ते सगळं तिला सांगितलं आणि पक्कड मागितली. ताई म्हणाली की चौऱ्याण्णव तर चांगल्या आहेत, पुन्हा तपासता येतील, पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे. तिचं चूक नव्हतं. त्या पुंगळ्या मिळायला वर्ष गेलं होतं. आबांनी एक पुंगळी उजेडात धरली. चिंचेत पडून तिच्यावर गुलाबी झाक आली होती.

"चिंच काय करस ते माले माहित नई. माहित नई, इतलंच पुरं शे."

आम्ही दोघांनी शंभरच्या शंभर चेपल्या. ते पकडीनं तोंड दाबत आणि माझ्याकडे देत, मी मोजून पोत्यात टाकत होते. मी वाट पाहत होते की आता ते मला बोलतील. पन्नास झाल्या, सत्तर झाल्या. शंभरावी टाकली तरी ते बोलले नाहीत. ताई त्या स्पर्धेत जुन्या पुंगळ्यांवरच उतरली आणि मागे पडली. तीही काही बोलली नाही. बोलण्यानं जे हलकं होतं ते माझ्या वाट्याला आलं नाही, आणि तेव्हा मला तो मित्र आठवला.

परतीच्या बसमध्ये आबांनी दोष स्वतःकडे घेतला, एवढंच म्हणाले, "शंका घरमा ठेवाले नको व्हती. चूक मनी शे." घरी आल्यावर त्यांनी डावीकडचा ठोकळा अक्कांना चुलीत घालायला दिला. त्यानंतर मनात काही आलं की पुंगळी लगेच पकडीत जाई. दुसरी सकाळ बघायची नाही.

पुढच्या पुंगळ्या आल्या तोवर आबांचा हात कापायला लागला होता. चहाच्या कपावर नख फिरवताना कप बशीत वाजायचा. एका रविवारी त्यांनी मला खाली बोलावलं, टेबलाशी बसवलं आणि वाकवलेली तार माझ्या हातात दिली. मी म्हटलं, आबा, माझ्याकडून नको, मी काय केलं ते विसरलात का, मला भीती वाटते.

"तू घाबरस ना, मंग तुले जमी."

शंभर पुंगळ्यांना मला चार महिने लागले. आबा शेजारी बसून असत, हात मांडीखाली दाबून. मी एखादी उजवीकडे ठेवून पुन्हा उचलली तर ते समाधानानं मान डोलवत. बावीस मी चेपल्या. त्यांतल्या बऱ्याच चांगल्याही असतील. आबांनी एकीबद्दलही विचारलं नाही.

आज आबा नाहीत. टेबल मी वर माझ्या खोलीत आणलं आहे, खाट त्याला लागूनच आहे. चहा मलाही कोमटच मिळतो. पण माझा पहिला डबा तयार झाला तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. शेवटचं वजन झालं होतं. मी कागदाचा तुकडा घेतला, 'पाहिलं' लिहिलं आणि पेन तसंच धरून बसले. सही होईना. डोळ्यांसमोर ताईचा गाल येत होता. आबांनी विचारलं:

"बठ्ठ्या बरोबर शेतस?"

मी म्हटलं, हो, सगळ्या.

"भ्याव वाटस?"

मी म्हटलं, खूप.

"मंग कर सही."